जुनी गाडी मिळाली, दुसरी चावी मिळाली नाही : डीलरशी वाद कसा सोडवावा?

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. जुन्या गाड्यांच्या डीलरकडून गाडी घेतली, घरी आणली, आणि मग लक्षात आलं की दाखवताना जे होतं ते सगळं आलेलंच नाही. दुसरी चावी नाही, स्टेपनी नाही, जॅक-पाना नाही, कधी आरसीच नाही. फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘उद्या बघतो साहेब.’ मग हा उद्या काही उजाडत नाही.

आपण एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, सांगलीतल्या एका शिक्षिकेनं आईला आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिसला न्यायचं म्हणून कोल्हापूरच्या डीलरकडून 4 लाख 10 हजारांना गाडी घेतली. जाहिरातीत ‘दोन चाव्या, स्टेपनी, टूलकिट’ लिहिलं होतं. मिळाली एकच चावी, स्टेपनीची जागा रिकामी. आता या बाईंना गाडी परत करायची नाहीये, कारण गाडीशिवाय आईचं अडतं. त्यांना फक्त आपल्या हक्काच्या वस्तू हव्या आहेत. बहुतेक लोकांची हीच स्थिती असते, आणि डीलरला ती बरोबर माहीत असते.

आधी यादीचे भाग करा

राहिलेल्या वस्तू तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार, जाहिरातीत, पावतीवर किंवा मेसेजमध्ये लिहिलेल्या. दुसरा, लिहिलेल्या नाहीत, पण गाडी बघताना गाडीत होत्या आणि आपल्याकडे फोटो आहेत. तिसरा, ज्यांचा विषयच निघाला नव्हता. पहिल्यावर आपली बाजू भक्कम, दुसऱ्यावर बरी, तिसऱ्यावर कमकुवत. तिसऱ्या प्रकारासाठी भांडत बसलं की पहिल्याचंही वजन कमी होतं. मॅट, सीटकव्हर यांच्यासाठी फार ताणू नये.

स्टेपनीबाबत एक सांगून ठेवतो. 2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असलेल्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. तेव्हा आपल्या मॉडेलला कंपनी स्टेपनी देत होती का, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत आधी बघा. नाहीतर पहिल्याच पत्रात आपण चुकीचे ठरतो.

चावी मात्र किरकोळ समजू नका. दुसरी चावी कुणाच्या तरी खिशात आहे, म्हणजे आपली गाडी उघडू शकणारा एक अनोळखी माणूस बाहेर आहे. म्हणून मागणी करताना ‘चावी द्या’ एवढ्यावर थांबू नये. ‘चावी द्या, नाहीतर नवीन चावी बनवून जुनीचं कोडिंग रद्द करण्याचा खर्च द्या,’ असं लिहावं.

‘जशी आहे तशी’ आणि ‘आम्ही फक्त मध्यस्थ’

डीलरची दोन उत्तरं नेहमी येतात. पहिलं, ‘गाडी जशी आहे तशी विकली.’ हे वाक्य गाडीच्या अवस्थेबद्दल असतं: घासलेले टायर, पोचा, जुनं इंजिन. जी वस्तू देतो म्हणून लिहून दिली आणि दिलीच नाही, तिचा अवस्थेशी काय संबंध? 1930 च्या मालविक्री कायद्यात वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, असं तत्त्व आहे. तो जुळला नाही तर सगळा व्यवहार मोडण्याऐवजी माल ठेवून भरपाई मागण्याची वाटही तोच कायदा देतो. आपल्या शिक्षिकेला नेमकी हीच वाट हवी आहे.

दुसरं उत्तर, ‘आम्ही मध्यस्थ, मूळ मालकाला विचारा.’ इथे पावती कुणाच्या नावाची आहे आणि पैसे कुणाच्या खात्यात गेले, ते बघा. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी आरटीओच्या अधिकारपत्राची पद्धत आली आहे. मूळ मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची रीतसर सूचना झाली, की ताब्याच्या काळात डीलरलाच मालक मानलं जातं. त्यामुळे ‘तुमचं अधिकारपत्र बघू’ एवढा साधा प्रश्नही पुष्कळदा उपयोगी पडतो.

पत्र लिहा, भांडू नका

फोनवर आवाज चढवून काही हाती लागत नाही. पायऱ्या अशा:

1. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, फोटो, मेसेज, पावती, बँकेची नोंद एकत्र करा. जाहिरात लगेच जतन करा, ती काढून टाकली जाते. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका.
2. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून राहिलेल्या वस्तूंचं लेखी कोटेशन घ्या. यानं तक्रारीला आकडा मिळतो. ‘माझी फसवणूक झाली’ यापेक्षा ‘चावी आणि स्टेपनीचे इतके रुपये’ हे डीलरला लवकर कळतं.
3. एका पानाचं पत्र लिहा: तारीख, गाडीचा नंबर, दिलेली रक्कम, काय ठरलं, काय मिळालं नाही, आणि 15 दिवसांत वस्तू किंवा कोटेशनएवढी रक्कम द्यावी. ईमेल करा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टानंही पाठवा. वकिलाचीच नोटीस लागते असं नाही.

आणि अर्धं मिळालं तर घ्या. ‘स्टेपनी देतो, चावी नाही’ म्हणाला तर स्टेपनी घेऊन पोचपावतीवर स्वतःच्या हातानं लिहा: ‘दुसरी चावी येणे बाकी.’ ‘सर्व मिळाले’ यावर सही करू नका.

तरीही ऐकलं नाही तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे तक्रार नोंदवली की ती समोरच्याकडे पाठवली जाते. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण काही वाद इथेच मिटतात.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपल्या फायद्याच्या तीन गोष्टी आहेत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे डीलर कोल्हापूरचा असला तरी शिक्षिकेला सांगलीतच दाद मागता येईल. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. आणि वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते. मुदत वादाचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. आयोगापुढे दोघांची तयारी असेल तर मध्यस्थीनंही प्रकरण मिटतं.

एक लक्षात ठेवा: हा कायदा व्यापार करणाऱ्याविरुद्ध आहे. शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून गाडी घेतली असेल, तर साधारणपणे दिवाणी कोर्टाचा रस्ता उरतो. पोलिसांकडे जायचं ते आधीपासूनच फसवण्याचा हेतू दिसत असेल तेव्हा. स्टेपनीच्या वादाला ते बहुधा ‘दिवाणी मामला’ म्हणूनच परत पाठवतात.

श्रोत्यांमधून आलेला प्रश्न : आरसी नावावर झालीच नाही, तर थांबावं का?

अजिबात थांबू नका. वस्तूंचा वाद आणि नावावर करण्याचं काम वेगळं ठेवा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, विमा आपल्या नावावर करणं (त्यासाठी कायद्यात 14 दिवस आहेत), जुना फास्टॅग बंद करून नवा घेणं, ही कामं आधी. गाडीवर कर्ज होतं का आणि बोजा उतरला का, तेही बघा. चावी नसली तर गैरसोय होते. कागद नसले आणि अपघात झाला, तर घर अडचणीत येतं.

अजून गाडी घ्यायची असेल त्यांनी एवढंच करावं: शेवटचा हप्ता देण्याआधी गाडीशेजारी उभं राहून वस्तूंची यादी लिहा, दोघांच्या सह्या घ्या, आणि थोडी रक्कम आरसी हातात येईपर्यंत बाकी ठेवण्याचं त्याच कागदावर ठरवा. डीलर चांगला असेल तर त्याला यात काही वावगं वाटणार नाही. वाटलं, तर ते पैसे देण्याआधी कळलेलं बरं.