उजव्या लेनमधली बाई

‘‘बाई चालवत असणार. लिहून घे!’’

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर पुढची गाडी उजव्या लेनमधून रमतगमत चाललेली दिसली, की आमच्या ह्यांचं हे वाक्य ठरलेलं. मग डिपर, मग हॉर्न, मग तोंडातल्या तोंडात दोन-चार शब्द. सासूबाई मागे बसलेल्या असल्या तर ते शब्द जरा सौम्य असतात, एवढंच. शेवटी कशीबशी वाट काढून आम्ही त्या गाडीच्या बरोबरीला येतो आणि मी मुद्दाम मान वळवून बघते. बहुतेक वेळा स्टिअरिंगवर एखादे गृहस्थच असतात. एका हातात मोबाइल, चेहऱ्यावर अगदी निवांत भाव.

‘‘बाई नाहीये हो,’’ मी म्हणते.

‘‘मग बायकोशी बोलत असेल,’’ हे म्हणतात. म्हणजे खापर शेवटी बाईवरच!

मैत्रिणींनो, तुमच्या घरच्या गाडीतही असंच काहीसं चालत असेल, म्हणून हे लिहायला घेतलं. नाहीतर बी.ए. मराठीच्या बाईने वाहतुकीवर लिहावं असं काही नाही. पण गेल्या वर्षी एक प्रसंग घडला आणि त्यात ती उजव्या लेनमधली बाई मीच होते. हो, चक्क मीच!

आमचं घर चिंचवडला आणि माझं माहेर पनवेलला. हा रस्ता २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला, तेव्हा आमचं नुकतंच लग्न झालेलं. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना तीन-तीन लेन, आडवं येणारं गाव नाही, की सिग्नल नाही. जुन्या रस्त्यावर खंडाळ्याच्या घाटात तासन् तास अडकलेल्या आम्हा माहेरवाशिणींना तर तो स्वर्गच वाटला होता. वर्तमानपत्रवाले लेनला ‘मार्गिका’ म्हणतात, पण घरात काही तो शब्द कोणी वापरत नाही. तर या तीन लेनचा हिशोब अगदी सोपा आहे. डावीकडची ट्रक-कंटेनरसारख्या अवजड वाहनांसाठी, मधली मोटारींसाठी, आणि उजवीकडची फक्त ओव्हरटेक करण्यापुरती. गेलात, पुढे काढलीत, की परत मधल्या लेनमध्ये यायचं. उजवी लेन म्हणजे राहायची जागा नव्हे, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जायचा बोळ आहे तो! पण आपल्याकडे बोळातच पाट मांडून जेवायला बसणारे फार.

हे मला कळायला वीस वर्षं लागली, कारण वीस वर्षं मी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर होते. त्या सीटवर ब्रेक नसतो, तरी आपला उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जातोच. ह्यांचा डिपर सुरू झाला, की मी वरच्या कडीला धरून गप्प बसायची. ‘‘जाऊ दे ना हो’’ म्हटलं तर, ‘‘तू मध्ये बोलू नकोस, माझं लक्ष जातं!’’ घरात एरवी आवाज न चढवणारा माणूस स्टिअरिंग हातात आलं की असा का होतो, हे कोडं मला अजूनही सुटलेलं नाही. आणि मागच्या सीटवर मुलगा बसलेला. आधी मांडीवरचा, मग शाळेतला, मग कानात वायर घालून बसणारा. आम्हाला वाटायचं, त्याचं लक्षच नाही.

वडील गेले, आईला वरचेवर दवाखान्यात न्यावं लागू लागलं, तेव्हा चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी क्लच-गिअर शिकवला, चौक शिकवले, गाडी मागे घ्यायला शिकवली. लेन कशी बदलायची हे काही कोणी शिकवलं नाही. शहरात कुठे लेन असतात? असल्या तरी त्या पांढऱ्या पट्ट्या रांगोळीसारख्या, शोभेपुरत्या. सरांनी एकच कानमंत्र दिला होता : ‘‘वहिनी, हायवेला घाबरलात तर सरळ उजवी धरा. एका बाजूला दुभाजक असतो, मग एकच बाजू सांभाळायची.’’

तो कानमंत्र मी इमानेइतबारे पाळला.

गेल्या वर्षी आईला सोडून पनवेलहून परत येत होते. शेजारी मुलगा, मागे आईने दिलेली लोणच्याची बरणी. घाट चढून आलो, लोणावळा मागे पडलं, कामशेतच्या अलीकडे सपाटीला लागलो. तिथे मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. माझा काटा ६५ वर. उजवी लेन धरलेली, डावीकडे एक लांबलचक कंटेनर, आणि मी आपली दुभाजकाच्या झाडीकडे बघत निघाले आहे. मागे पांढरी मोठी गाडी आली. डिपर, हॉर्न, पुन्हा डिपर. आरशात तिचं नाकच तेवढं दिसत होतं, इतकी जवळ. मुलगा म्हणाला, ‘‘आई, त्याला जाऊ दे, डावीकडे घे.’’ पण डावीकडे कंटेनर! वेग वाढवून त्याच्या पुढे जावं तर हातपाय गार पडलेले, आणि वेग कमी करून त्याच्या मागे जावं हे तर सुचलंच नाही.

कंटेनर जरा मागे पडला आणि त्या फटीतून ती पांढरी गाडी डावीकडून सुर्र्कन आली, माझ्यापुढे घुसली, आणि त्या माणसाने मुद्दाम ब्रेक मारला. धडा शिकवायला! मी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. बरणी सीटवरून खाली गेली, मुलाचा पट्टा छातीत रुतला. मागून येणाऱ्याचं लक्ष होतं म्हणून आज हे लिहिते आहे.

गोष्ट इथेच संपली नाही. पुढचा टोलनाका ओलांडल्यावर तो माणूस गाडी कडेला लावून उभाच होता. मलाही थांबायची दुर्बुद्धी झाली. (थांबू नये. काच वर, दारं बंद, आणि अगदीच वेळ आली तर ११२ ला फोन करावा, हे मी बचतगटाच्या बायकांना सांगत असते. स्वतःवर आलं तेव्हा विसरले.) तो आला, वाकून आत बघितलं आणि म्हणाला, ‘‘वाटलंच मला. ताई, घरी स्वयंपाक करा ना, कशाला लोकांचा जीव घेताय?’’

मुलाने दार उघडलं. त्याच्या मुठी वळल्या होत्या. आणि तोंडातून जे शब्द आले ना, ते शब्दन् शब्द मी ओळखले. तेच शब्द, त्याच क्रमाने, तेच दात-ओठ खाणं. वीस वर्षं मागच्या सीटवर बसून त्याचं लक्ष नव्हतं म्हणे!

मी त्याचा शर्ट घट्ट धरून ठेवला. खाली उतरले आणि त्या माणसाला म्हटलं, ‘‘उजवी लेन अडवली, ती माझी चूक. मला मागे होऊन डावीकडे यायला हवं होतं. पण माझ्यापुढे मुद्दाम ब्रेक मारलात, ती चूक कुणाची?’’ तो काही तरी पुटपुटला. माझं लक्ष त्याच्या गाडीकडे गेलं. पुढच्या सीटवर त्याची बायको होती, मांडीवर झोपलेलं मूल. ती आमच्याकडे बघत नव्हती, नुसती मुलाच्या केसांतून हात फिरवत होती. वरची कडी तिने अजून सोडली नव्हती.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. आधी अर्थातच, ‘‘गाडीचा नंबर घेतलास का?’’ झालं. मग मुलाच्या तोंडच्या शब्दांबद्दल सांगितलं, तेव्हा मात्र हे बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढच्याच महिन्यात निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये आमच्या मंडळाचं ट्रकचालकांसाठी नेत्रतपासणी शिबिर होतं. चश्म्याचे नंबर लिहून घेता घेता मी प्रत्येकाला विचारत सुटले, ‘‘भाऊ, ट्रक उजव्या लेनमध्ये का हो नेता?’’ काही जण हसले. पाथर्डीकडचे एक वयस्कर ड्रायव्हर मात्र नीट बसून बोलले. ‘‘ताई, चढाला भरलेली गाडी एकदा मोडली की परत उठत न्हाई. पुढचा दहाच्या वेगाने चाललाय, मी पंधराच्या. त्याच्या मागं राहिलो तर मी बी दहाला येतो, मग वरपर्यंत पहिल्या गिअरला. म्हणून बाहेर काढायची.’’ शिवाय डाव्या लेनचा भरवसा नाही. तिथे बंद पडलेली गाडी कधी उभी असेल सांगता येत नाही, आणि रात्री तिच्यामागे ना दिवा, ना त्रिकोण, नुसता एक दगड ठेवलेला. आणखी एक भानगड त्यांनीच सांगितली. आताच्या ट्रकांना ताशी ८० च्या वर जाऊ न देणारं यंत्र बसवलेलं असतं. त्यामुळे ७८ ने चाललेल्याला ८० वाला ओव्हरटेक करायला निघाला, की दोघे बराच वेळ जोडीने, लग्नाच्या वरातीसारखे.

‘‘आणि खरं सांगू का,’’ ते म्हणाले, ‘‘कारवाला मागून सारखा भोंगा मारतो ना, मग काही पोरं मुद्दाम न्हाई सोडत. अकड!’’ क्लीनर साइडने, म्हणजे डावीकडून घुसणाऱ्या गाड्यांची त्यांना सगळ्यात धास्ती. ‘‘पूर्वी क्लीनर हात बाहेर काढून सांगायचा. आता मालक क्लीनर देत न्हाईत. तुमची छोटी गाडी त्या अंगाला आली तर मला दिसतच न्हाई, ताई.’’ मला कामशेतचा तो कंटेनर आठवला. त्याच्या ड्रायव्हरला ती पांढरी गाडी दिसली असेल का?

मग मी जरा कायदाही वाचून काढला. रस्त्यावरच्या वागण्याची १९८९ ची नियमावली होती, २०१७ मध्ये तिच्या जागी नवी आली. ओव्हरटेक उजवीकडूनच करायचं, आणि मागचा पुढे जात असताना आपण वेग वाढवून त्याला अडवायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. बेदरकारपणे गाडी हाकणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हाच आहे. म्हणजे आम्ही दोघेही, तो आणि मी, कागदावर चुकलेलेच. पण सारखे चुकलेले नव्हे, हे मी आजही म्हणेन. अडाणीपणाने वाट अडवणं आणि रागाने कुणाच्या जिवावर उठणं, यात फरक आहे. ‘‘ती हळू चालली होती म्हणून’’ हे कारण मी तरी मान्य करणार नाही. शिकवायचंच असेल तर डिपर एकदा द्यावा आणि अंतर ठेवून थांबावं. ताशी १०० ने गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. पुढच्याच्या बंपरला चिकटून हॉर्न मारणाऱ्याला ब्रेक लावायला अर्धा सेकंदही मिळत नाही.

आणि एवढी घाई कशाची? एक दिवस भाजी निवडता निवडता हिशोब केला. पूर्ण साडेचौऱ्याण्णव किलोमीटर १०० ने गेलं तर ५७ मिनिटं, ८० ने गेलं तर ७१. चौदा मिनिटांचा फरक! त्यात घाटात सगळ्यांनाच हळू जावं लागतं, म्हणजे फरक त्याहून कमी. तेवढा वेळ तर आमचे हे फूडमॉलला वडापावच्या रांगेत हसत उभे राहतात.

माझ्यापुरतं मी एवढं केलं की ओळखीच्या एका अनुभवी बाईंना शेजारी बसवून चार रविवार फक्त लेन बदलायचा सराव केला. आरसा, इंडिकेटर, मान वळवून एक नजर, मग गाडी. आता मी मधल्या लेनमध्ये असते. उजवीकडे गेलेच तर काम झाल्यावर परत येते. मी १०० ला असले आणि मागचा १२० ने येत असला, तरी बाजूला होते. त्याचं तो बघेल आणि कॅमेरे बघतील. २०२४ च्या जुलैपासून या रस्त्यावर कॅमेरे लागले आहेत, लेन मोडली, वेग मोडला की चलन थेट मोबाइलवर. ह्यांना पहिलं चलन आलं तेव्हा ‘‘यंत्र चुकलंय’’ म्हणाले. दुसरं आलं तेव्हा मुकाट्याने भरलं.

गेल्या रविवारी आम्ही तिघे पनवेलला निघालो. गाडी मुलाकडे, शेजारी मी, मागे हे. कामशेतच्या बोगद्यातून बाहेर पडलो तर पुढे उजव्या लेनमध्ये एक लाल गाडी, सत्तरच्या आसपास. मुलाने एकदा डिपर दिला आणि मागे अंतर ठेवून राहिला. मी माझ्या पायाकडे बघितलं, पत्र्यावर दाबलेला होता. मागून ह्यांचा ‘‘अरे, काढ ना...’’ एवढाच आवाज आला आणि मग खोकला. अर्धा-पाऊण मिनिट गेलं असेल. लाल गाडीने डावा इंडिकेटर दिला आणि ती बाजूला झाली. मुलगा पुढे गेला, आणि थोड्या अंतराने परत मधल्या लेनमध्ये आला.

‘‘बाई होती का गं?’’ ह्यांनी मागून विचारलं.

‘‘बघितलं नाही,’’ मी म्हटलं. खरंच बघितलं नव्हतं. माझी नजर काट्यावर होती. ‘‘एकशे चार झालेत रे. शंभरवर आण.’’