वाडा कशाने जगतो?

आमच्या गावच्या वाड्यावरून घरात सध्या वाद चालू आहे. काका म्हणतात, पाडावा. मी म्हणतो, खाणावळ काढावी. हाच विषय डोक्यात घेऊन मी सुट्टीत कोसाडला मावशीकडे गेलो. कोसाड हे सुरतेजवळचे रेल्वे स्थानक. आज ते सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत येते.

“गोव्यात जुन्या घरांतून उपाहारगृहे नि मद्यालये चालतात, तसे इथे काही?” मी मावसभावाला विचारले. तो हसला. “दादा, इथे फक्त चहा!”

त्याचे खरे होते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा मूळचा दोघांचाही. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली. पुढे महाराष्ट्राने परवान्यांची वाट रुंद केली, गुजरातने बंदी राखली.

गंमत अशी की, याच सुरतेत इंग्रजांच्या कोठीत एके काळी मोठी पंगत बसे. ओव्हिंग्टन हा पाद्री १६८९ मध्ये तिथे होता. इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तिन्ही आचारी कोठीत असल्याचे तो लिहितो. त्याआधी, १६३८ मध्ये, मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी आला. त्याने ‘पालेपुंट्झ’ नावाचे पेय नोंदवले: मद्य, गुलाबपाणी, लिंबूरस आणि साखर. इंग्रजी ‘पंच’ आपल्या ‘पाच’वरून आला असे सांगतात, पण इथे जिन्नस चारच भरतात! आणि रोजच्या बैठकीत काय? तोच सांगतो, चहा. म्हणजे मावसभावाचे उत्तर तीनशे वर्षांहून जुने निघाले.

दुसऱ्या दिवशी मोगलसराई पाहिली. शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये, यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी ती बांधली. पुढे तिथे तुरुंग झाला, आणि १८६७ पासून नगरपालिकेची कचेरी. कोसाडचा कारभारही आता त्याच सरायीशी जोडलेला.

तिथे उभा असताना माझे मलाच उमगले. सराय टिकली ती कुणी तिला नुसती जपली म्हणून नव्हे, तर प्रत्येक पिढीने तिला काम दिले म्हणून. बंद दाराला आधी वाळवी लागते, मग वारसांची भांडणे.

परत आल्यावर काकांना एवढेच म्हणालो, “खाणावळ नको असेल तर वाचनालय काढू, पण दार उघडे ठेवू.” काका अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत. मात्र पाडणाऱ्या ठेकेदाराला त्यांनी तूर्त थांबायला सांगितले आहे.