होलसेलवाला पारखताना

पुणे-नाशिक महामार्गावरच्या कळंबसारख्या गावात चपलांच्या दुकानाचं गिऱ्हाईक ओळखीचं असतं. जूनमध्ये शाळेचे काळे बूट आणि पावसाळी चपला, लग्नसराईत सँडल, कारखान्याचा गळीत हंगाम लागला की ऊसतोडीच्या माणसांना दणकट आणि स्वस्त जोड. सोल सुटला तर तेच गिऱ्हाईक चार दिवसांत दुकानाच्या पायरीवर येतं. होलसेलवाल्याला ते ओळखत नाही, तुम्हाला ओळखतं. त्यामुळे माल कुठून घ्यायचा हे ठरवताना बाजारात फिरणारे काही समज तपासून घ्यावेत.

पहिला समज: जीएसटी नंबर आहे, म्हणजे पार्टी खात्रीची. नंबर फक्त नोंदणी सांगतो, मालाचा दर्जा नाही. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून नोंदणी चालू आहे की रद्द, विवरणपत्रं वेळेवर भरली जातात का, एवढं मात्र फुकटात कळतं. तुम्ही नियमित करदाते असाल तर हे बघाच. व्यापाऱ्याने तुमचं बिल विवरणपत्रात दाखवलं नाही, तर ते तुमच्या जीएसटीआर-२बी या विवरणात उतरत नाही आणि भरलेल्या कराची वजावट अडकते.

‘बिल कशाला, विनाबिल स्वस्त पडतं.’ २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्केच आहे, म्हणजे वाचतं ते किती? उलट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष मालाचा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर भरपाईची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. आणि बिल नसेल तर माल बदलून मागणार कशाच्या जोरावर?

मोठी सूट म्हणजे फायदा, हा समज सर्वांत महागात पडतो. पीयू सोलचा बूट खोक्यात पडून राहिला तरी दमट हवेने त्याचा सोल आतून कमजोर होत जातो. काही वर्षांनी वरून चकचकीत दिसणारा बूट पायात घातल्यावर थोड्याच दिवसांत सोलाचे तुकडे पडतात. पीव्हीसीला हे दुखणं नाही. म्हणून निम्म्या भावातला ‘जुना स्टॉक’ उचलण्याआधी खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. ते खोडलेलं किंवा नवं स्टिकर लावून झाकलेलं असेल, तर भाव विचारण्यातही अर्थ नाही.

थेट आग्र्याहून मागवलं की स्वस्त पडतं, हे अर्धंच खरं. भाव उतरतो, पण माल साइजच्या ठरलेल्या सेटमध्येच येतो. गावात आठ-नऊ नंबर झटपट जातात आणि सहा-दहाचे जोड खोक्यात राहतात. पुण्याचा व्यापारी जोडामागे थोडे जास्त घेऊन हवे तेवढेच नंबर देत असेल आणि खराब जोड पुढच्या फेरीत बदलत असेल, तर मला तोच परवडणारा वाटतो.

‘फर्स्ट कॉपी सगळेच विकतात.’ विकत असतील, पण खोटा ब्रँड विकणाऱ्याला व्यापारचिन्ह कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. आयएसआयचा शिक्काही नुसता बघून भागत नाही. रबरी हवाई चपलेवर आयएस १०७०२ हा मानक क्रमांक असतो आणि शिक्क्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो बीआयएस केअर ॲपवर टाका. परवाना कुणाच्या नावाचा आणि कोणत्या मालासाठी आहे ते तिथे दिसतं.

कोल्हापुरी चप्पल मात्र कोल्हापूरचीच हवी, असं अडून बसू नका. तिच्या भौगोलिक मानांकनात सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हेही जिल्हे आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा माल म्हणून तो नकली ठरत नाही. रेक्झिनचा असेल तर ठरतो.

नव्या पार्टीला पहिली ऑर्डर एखाद्या सेटचीच द्या. खराब जोड किती दिवसांत बदलणार, परतीचं भाडं कोण भरणार आणि क्रेडिट नोट मिळणार का, हे पैसे देण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.