दाढ गेली, काम सुरू झालं

अक्कलदाढ काढल्यावर डॉक्टर हातात जो कागद देतात, त्यावर बहुतेक नकारच असतात. थुंकू नका. जोरात चूळ भरू नका. स्ट्रॉने काही ओढून पिऊ नका. गरम खाऊ नका. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा? त्याचं तर नावच काढू नका. भंडारा जिल्ह्यात हा शेवटचा नकार बाकीच्या सगळ्यांपेक्षा जड जातो. पण या प्रत्येक ‘नका’मागे एक वेळ लपलेली आहे. त्या वेळी जबड्यातल्या रिकाम्या खड्ड्यात एक ठरावीक काम चाललेलं असतं, आणि आपण त्यात लुडबूड करू नये एवढंच त्या नकाराचं म्हणणं असतं. ते काम काय, हे कळलं की कागद वाचायला मजा येते.

हाडात आडवी रुतलेली दाढ असेल, तर लाखनी-साकोलीकडचा माणूस अनेकदा नागपूर गाठतो. तिथलं शासकीय दंत महाविद्यालय 1968 पासून आहे. दाढ निघते, कापसाचा बोळा दाताखाली घट्ट दाबला जातो आणि माणूस परतीच्या एसटीत बसतो. कंडक्टरला गावाचं नाव सांगता येत नाही, ते सोबतचाच सांगतो. बोळा अर्धा-पाऊण तास तरी दाबून धरायचा असतो, कारण त्याच्याखाली पहिला चमत्कार उरकत असतो. आपल्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स असतात. या पेशींना केंद्रक नसतं आणि त्यांचं आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं. फाटलेल्या रक्तवाहिनीची कड लागली की काही सेकंदांत त्या तिथे चिकटतात आणि एकमेकींना बोलावून घेतात. मग रक्तात विरघळलेल्या एका प्रथिनाचे धागे होतात. हे धागे म्हणजे फायब्रिन. त्यांच्या जाळीत लाल पेशी अडकतात आणि खड्ड्यात गडद लाल गाठ बसते. एवढ्यावर बिंबिका थांबत नाहीत. स्नायू आकसतात ते ज्या जातीच्या प्रथिनांमुळे, तीच प्रथिनं बिंबिकांतही असतात. त्यांच्या जोरावर त्या धागे ओढून घेतात, गाठ आवळली जाते आणि जखमेच्या कडा जवळ येतात.

आता थुंकण्याचं बघा. थुंकताना किंवा स्ट्रॉ ओढताना तोंडात पोकळी तयार होते, आणि नुकती बसलेली गाठ त्या ओढीने उचकटू शकते. म्हणून पहिला दिवसभर लाळ गिळायची, ती किंचित लाल दिसली तरी. नुकतं रोवलेलं धान मुळं धरलं की नाही हे कोणी उपटून बघत नाही, तसंच हे.

बस कारध्याच्या पुलावरून वैनगंगा ओलांडते, त्या सुमाराला ओठाला मुंग्या यायला लागतात. भूल उतरत असते. हे इंजेक्शन बहुधा लिग्नोकेनचं असतं. 1943 मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी ते तयार केलं. त्यात सोबत अॅड्रेनलिन घालतात, म्हणजे रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध जागेवरच जास्त वेळ टिकतं. ओठ बधिर असेपर्यंत काही खाऊ नये, कारण आपलाच गाल आपण चावतो आणि कळतही नाही. दुखीची गोळी मात्र भूल पूर्ण उतरायच्या आत घेतलेली बरी. कापलेल्या भागात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं साठत जातात आणि नसांना जास्त हळवं करतात. आयब्युप्रोफेनसारखी औषधं ती तयार होणंच रोखतात. हा मार्ग 1971 मध्ये जॉन वेन यांनी अॅस्पिरिनवर काम करताना उलगडला आणि 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. साठा होऊन गेल्यावर गोळी घेतली तर तिला उशीर झालेला असतो. मात्र पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. अॅस्पिरिन तर मनाने घेऊच नये, कारण ती बिंबिकांनाच ढिलं पाडते.

दुखण्याच्या शास्त्रात अक्कलदाढेला फार मोठा मान आहे. नवं वेदनाशामक तपासायचं असलं, की संशोधक अनेकदा नुकतीच दाढ काढलेल्या तरुणांकडे जातात. माणूस एरवी निरोगी असतो आणि दुखणं केव्हा सुरू होऊन किती वाढेल याचा अंदाज असतो. 1978 मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी अशाच रुग्णांवर एक प्रयोग केला. काहींना औषध म्हणून नुसतंच निरुपद्रवी द्रव्य दिलं, तरी त्यांचं दुखणं उतरलं. मग त्यांना नॅलॉक्सोन दिलं, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम पुसून टाकणारं औषध. दुखणं परत वाढलं! अर्थ असा, की ‘औषध मिळालं’ या नुसत्या भरवशावर मेंदूने स्वतःचंच अफूसारखं रसायन सोडलं होतं. मनाची समजूत म्हणून आपण जे सोडून देतो, त्याला रसायनाचा आधार निघाला, आणि तो सापडला दाढेच्या खड्ड्याजवळ.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल सर्वांत जास्त सुजतो. घरचे घाबरतात, पण हे ठरल्याप्रमाणेच असतं. रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, त्यांतून पाणी आणि पांढऱ्या पेशी जखमेकडे झिरपतात. आधी न्यूट्रोफिल येऊन जंतू संपवतात, मागून मॅक्रोफेज येऊन पडझड साफ करतात आणि पुढच्या पेशींना निरोप धाडतात. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, पंधरा-वीस मिनिटं ठेवून तेवढाच वेळ काढायचा. दोन दिवसांनंतर कोमट शेक. झोपताना दोन उशा.

याच सुमाराला कोणीतरी मोबाइलचा टॉर्च लावून आरशात बघतं आणि हादरतं. खड्ड्यावर पिवळट पांढरा थर! पू झाला, असं वाटून मंडळी काडीला कापूस गुंडाळून तो पुसायला जातात. बहुतेक वेळा तो पू नसतो, लाळेने भिजलेलं फायब्रिन असतं. आपण पुसत असतो ती जखमेची पट्टीच.

ही पट्टी वेळेआधी गेली तर काय होतं? दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, दुखणं उतरायच्या वेळी ते उलट वाढतं, कानापर्यंत ठणकतं, तोंडाला वास येतो. याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. 1896 मध्ये क्रॉफर्ड यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. गाठ विरघळलेली असते आणि उघड्या हाडाला वारा-पाणी लागत असतं. खालच्या अक्कलदाढेत हे जास्त होतं, आणि तंबाखू ओढणाऱ्यांत आणखी. डॉक्टर खड्डा धुऊन औषधी पट्टी भरतात आणि ठणका लवकर उतरतो, म्हणून सोसत बसू नये. ताप, बोळा दाबूनही न थांबणारं रक्त, तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी सूज, दुसऱ्या दिवशीही बधिर राहिलेला ओठ किंवा जीभ, यांतलं काहीही दिसलं तर फोन लगेच करावा. गिळताना किंवा श्वास घेताना अडचण होत असेल तर थेट दवाखाना गाठावा.

जेवणाची सोय मात्र या जिल्ह्याच्या हाताशीच आहे. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. त्याची मऊ शिजवलेली पेज, मीठ घालून कोमट, त्यावर चमचाभर तूप, नाहीतर लाखोरीच्या डाळीचं पातळ वरण आणि गिजगा भात. पेज वाटीतून चमच्याने घ्यायची, निववून. तर्री-पोहे आणि जवसाची चटणी थोडे दिवस बाजूला ठेवायची. जवसाचा दाणा खड्ड्यात नेमका बसतो आणि निघता निघत नाही. चोवीस तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात हलकेच फिरवायचं आणि मान वाकवून ओघळू द्यायचं.

एवढ्या जंतूंनी भरलेल्या तोंडात जखम भरते तरी कशी? नुसती भरत नाही, कातडीपेक्षा लवकर भरते आणि वण जवळजवळ राहत नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांच्या गालाच्या आतल्या बाजूला आणि दंडाच्या कातडीवर सारख्याच लहान जखमा करून तुलना केली. तोंडातली जखम आधी भरली, आणि जखम व्हायच्या आधीपासूनच तिथल्या पेशींत दुरुस्तीची जनुकं जागी होती. तोंड रोजच भाजतं, कापतं, खरचटतं. म्हणून तिथले कामगार कायम हजर. लाळेतही मदत असते. पेशींची वाढ जागवणारा घटक स्टॅनली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथींत सापडला होता, आणि त्या कामाबद्दल त्यांना 1986 चं नोबेल रिटा लेव्ही-मोंटालचिनी यांच्यासोबत विभागून मिळालं.

आठवडाभरात गाठीच्या जागी लालसर, मऊ, स्पर्श झाला की रक्त येणारी पेशींची चटई तयार होते. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजनचे दोर वळतात. तीन-चार आठवड्यांत हिरडी वरून मिटते. आत दुसऱ्या आठवड्यापासूनच कच्चं हाड दिसायला लागतं आणि दोन-तीन महिन्यांत खड्डा बराचसा भरतो. पुढे कच्चं हाड मोडून पक्कं करण्याचं काम चालू राहतं, आणि सहा महिन्यांनी एक्स-रेमध्ये दाढ कुठे होती ते सहज ओळखू येत नाही.

आता खर्ऱ्याकडे वळू. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घोटून केलेला हा ऐवज बऱ्याचदा खालच्या दाढेशेजारी, गालाच्या खाचेतच दाबून ठेवला जातो. ताज्या जखमेला चुना झोंबतो आणि निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, हे उघड नुकसान. सुपारीची करामत याहून खोल आहे. तिच्यातलं अॅरेकोलिन त्याच फायब्रोब्लास्टना कोलॅजन वळायला भाग पाडतं आणि ते मोडण्याची वाट अडवतं. सुपारीतलं तांबं त्या दोरांना एकमेकांशी घट्ट सांधणाऱ्या विकराला बळ देतं. जखम नसताना दुरुस्ती चालूच राहते. गाल आतून पांढरट, ताठ होत जातो आणि तोंड उघडेनासं होतं. ही कर्करोगाच्या आधीची अवस्था आहे.

दाढ काढल्यावर चावण्याचे स्नायू आखडतात, त्यामुळे आठ-दहा दिवस तोंड कमी उघडतं. ते हळूहळू सुटायला हवं. म्हणून पंधरा दिवसांनी स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांत घालून बघा. बसली, तर खड्ड्यातली मंडळी वेळेवर आहेत. दोनच बसत असतील, तर दाढेच्या डॉक्टरांना परत दाखवा, आणि त्यांनी विचारलं तर खर्रा किती वर्षं चालू आहे ते खरं सांगा.