विम्को नाक्याचं नाव आलं कुठून? अंबरनाथ, स्वीडन आणि ग्वाटेमालाला जोडणारी काडेपेटी

अंबरनाथ पश्चिमेला रिक्षात बसून 'विम्को नाका' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. पण ही विम्को म्हणजे काय? आणि तिचा मध्य अमेरिकेतल्या एका देशाशी काय संबंध? समजून घेऊया.

विम्को म्हणजे काय?
वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. 'स्वीडिश मॅच' या कंपनीने ती १९२३ मध्ये भारतात सुरू केली. स्वीडिश मॅचचे सर्वेसर्वा होते इव्हार क्रूगर, जगासाठी 'मॅच किंग'.

ती अंबरनाथला का आली?
आधी स्वीडनहून तयार काडेपेट्या भारतात येत. १९२२ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्यावरचं आयात शुल्क ग्रोसमागे, म्हणजे १४४ पेट्यांमागे, दीड रुपया केलं. हेतू तिजोरी भरण्याचा होता. पण आयात महागली आणि इथेच काड्या बनवणं कंपनीला परवडू लागलं. अंबरनाथला रेल्वे होती, मुंबईची बाजारपेठ जवळ होती.

मग ग्वाटेमालात काय झालं?
तिथे हाच समूह सावकार म्हणून पोहोचला. कॉफीचे भाव कोसळल्याने देश तंगीत होता. १९३० मध्ये क्रूगर यांनी २५ लाख डॉलरचं कर्ज दिलं आणि बदल्यात काडेपेटीची मक्तेदारी घेतली. म्हणजे चूल पेटवणाऱ्या प्रत्येक घराला काडी त्यांचीच. जर्मनीसारख्या मोठ्या देशानेही १९२९ मध्ये १२.५ कोटी डॉलरसाठी असाच करार केला.

भारतात मक्तेदारी का नाही?
इथे असा कर्जाचा करार नव्हता. स्वीडिश कंपनीपुढे टिकाव लागत नसल्याची देशी कारखानदारांची तक्रार होतीच. पण १९२८ मध्ये टॅरिफ बोर्डाच्या चौकशीत ती मांडता आली आणि उद्योगाला संरक्षण देणारा कायदाही झाला.

पुढे काय झालं?
१२ मार्च १९३२ रोजी क्रूगर पॅरिसमध्ये मृतावस्थेत सापडले. हिशेबातले घोटाळे उघड झाले आणि साम्राज्य कोसळलं. स्वीडिश मॅच मात्र टिकली, विम्कोही टिकली. २००५ मध्ये विम्को आयटीसीकडे गेली.

आज याचा अर्थ काय?
परदेशी गुंतवणुकीची बातमी वाचताना फक्त आकडा पाहू नका. बदल्यात काय दिलं, तेही पाहा. एकाच कंपनीने अंबरनाथला कारखाना दिला आणि ग्वाटेमालाकडून बाजारपेठ घेतली. फरक अटींचा होता.