वंशावळीतून गळालेली सून

दिवाळीला घर भरले की जुन्या गोष्टी निघतात. पणजोबांची शेती, आजोबांची नोकरी, कुणाचे कर्ज, कुणाची काशीयात्रा! एवढ्यात एखादी म्हातारी सहज बोलून जाते, ‘‘त्यांची पहिली बायको निराळी होती हो!’’ आणि मंडळी एकदम गप्प होतात. ती कोण, कुठली, तिचे पुढे काय झाले, हे कुणालाच सांगता येत नाही. वंशावळीत तर तिचे नावही नसते.

अशा स्त्रीचा माग काढता येतो काय? पुष्कळदा येतो. मात्र कचेरीत जाऊन ‘घटस्फोटाचे दप्तर दाखवा’ म्हणून भागत नाही. जुन्या कागदांत ही गोष्ट निराळ्या नावांनी नांदते. सोडचिठ्ठी, फारकत, काडीमोड, पाट, पोटगी हे शब्द ज्याला ओळखता येतात, त्यालाच ती सापडते.

समजा, आपले मूळ गाव नगरजवळचे केडगाव आहे. पहिली खबरदारी गावाच्या नावाची. पुणे जिल्ह्यात दौंडजवळही एक केडगाव आहे; तेव्हा तालुका व जिल्हा पाहिल्याशिवाय कागद आपला मानू नये. आज जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असले, तरी जुन्या दप्तरांवर अहमदनगरच असणार. दुसरी गोष्ट अशी, की त्या काळी जसा धर्म व जशी जात, तसा कायदा. म्हणून घराण्याची चालरीत आणि अंदाजे साल आधी नक्की करावे.

शेतकरी व कारागीर जातींपैकी अनेकांत सोडचिठ्ठी आणि पाट यांची चाल पूर्वीपासून होती. आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधील जातींच्या चालीरीतींचा संग्रह १८२७ साली छापला, त्यात या प्रथा नमूद आहेत. पेशवाईत पाटावर ‘पाटदाम’ नावाचा करही असे. त्यामुळे संसार मोडल्याची खूण कधीकधी दुसऱ्या लग्नाच्या हिशेबात सापडते!

पुढे इंग्रजी न्यायालये आली. १८७६ साली शंभू रघू याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले, की विवाह रद्द करण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. जातीने ‘हो’ म्हटले तरी सरकार ‘नाही’ म्हणू लागले. अशा कुटुंबाचा कागद दिवाणीऐवजी फौजदारी दप्तरात असण्याचा संभव असतो.

नवराबायकोने लेखी फारकत केली असेल, तर ती स्टँपावर असे. १८९९ च्या मुद्रांक कायद्यात अशा लेखासाठी वेगळी नोंदच आहे. कागद रजिस्टर केला असल्यास तो दुय्यम निबंधकाच्या पुस्तक क्रमांक ४ मध्ये पाहावा. मात्र हे पुस्तक सर्वांना खुले नसते. नक्कल मिळते ती लेखातील पक्षकाराला, किंवा त्याच्या मुखत्यारास अथवा प्रतिनिधीस. तलाठ्याकडील फेरफारही वाचावा; वारसांच्या वा पोटगीच्या ओळीत एखादे अनोळखी बाईचे नाव सापडू शकते. जुने कागद बहुधा मोडीत असतात, तेव्हा वाचणारा जाणकार सोबत हवा.

नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. घराणे ख्रिस्ती असेल, तर १८६९ चा घटस्फोट कायदा पाहावा. या कायद्याखाली जिल्हा न्यायाधीशाने दिलेला विवाहविच्छेदाचा हुकूम उच्च न्यायालयाकडून कायम करून घ्यावा लागे. २००१ साली ती अट गेली. म्हणजे जुन्या प्रकरणाचा माग दोन ठिकाणी लागण्याची आशा असते, नगरला आणि मुंबईला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडले असेल, तर त्यासाठी १८६६ चा निराळा कायदा होता.

ज्या हिंदू जातींत काडीमोडीची चालच नव्हती, तेथील बायकांची गत कठीण. बडोदे संस्थानाने १९३१ साली घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला, आणि हिंदू विवाह कायदा १९५५ साली. त्यापूर्वी नवऱ्याने टाकलेल्या बाईचा शोध पोटगीच्या दाव्यांत घ्यावा. १९५५ नंतरचे प्रकरण असेल, तर लग्न कोठे लागले आणि उभयता शेवटी कोठे एकत्र राहिली, हे विचारावे. दावा त्या गावच्या न्यायालयातही असू शकतो. केडगावच्या सुनेचा कागद तिच्या माहेरच्या जिल्ह्यात निघाला, तर नवल नाही.

डॉ. रखमाबाईंचेच पाहा. दादाजी भिकाजींनी त्यांच्यावर १८८४ साली दावा लावला. १८८७ साली ‘नवऱ्याकडे जा, नाही तर तुरुंगात’ असा हुकूम झाला. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. एवढे गाजलेले प्रकरण, पण त्यात घटस्फोटाचा हुकूमनामा नाहीच! नुसते ‘घटस्फोट’ म्हणून शोधणाऱ्याला त्या सापडायच्या नाहीत. रखमाबाई १९५५ साली वारल्या. हिंदू विवाह कायदा झाला, तेच हे साल.

न्यायालयात अर्ज करताना दोन्ही पक्षांची नावे, अंदाजे साल आणि गाव द्यावे. बाईचे माहेरचे नाव व सासरचे नाव दोन्ही लिहावे. खटल्याच्या कागदांना ठरावीक मुदत असते. निकाल आणि नोंदवह्या सहसा अधिक टिकतात. म्हणून सबंध फाईल नसली तरी रजिस्टर पाहण्याचा आग्रह धरावा. तथापि विवाहाच्या खटल्यांतील मजकूर छापण्यावर कायद्याचे बंधन आहे, हे विसरू नये. संबंधित माणसे किंवा त्यांची मुले हयात असतील, तर सापडलेली गोष्ट चारचौघांत सांगण्याआधी त्यांना विचारावे.

कुणाचा दोष होता, हे त्या कागदावरून ठरवण्याच्या भरीस पडू नये. दाव्यात प्रत्येक जण आपलीच बाजू लिहितो. पण तिचे नाव, तिचे गाव, तिचे माहेर एवढे हाती आले, तरी वंशावळीत तिच्यासाठी एक ओळ लिहिता येते. ती या घरात सून म्हणून आली होती. कागदावर तेवढी जागा तिची आहेच.