शिट्टी न वाजवता ४८९ सामने जिंकणारा कोच



"सर, माणसं टिकत नाहीत आणि पगार वाढवायची ऐपत नाही. मग करायचं काय?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. व्हिडिओत मी एका अमेरिकन कोचचं नाव घेतलं होतं, जॉन गलार्डी. तिथे वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

आधी खेळ समजून घ्या. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, धडका मारत, समोरच्याला आडवं पाडत खेळायचा हा खेळ आहे. मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी स्कॉलरशिप मिळते. गलार्डी ज्या सेंट जॉन्स कॉलेजात होते, ते मिनेसोटा राज्यातलं छोटं कॉलेज. ते डिव्हिजन थ्री गटात खेळतं आणि तिथे खेळासाठी स्कॉलरशिप द्यायला परवानगीच नाही. म्हणजे बघा, पोरगा उद्या "येत नाही" म्हणाला, तर कोचच्या हातात त्याला अडवायला काहीच नाही. तुमच्यासारखीच अवस्था!

आता सुरुवात बघा. १९४३ साल, दुसरं महायुद्ध चालू. कोलोरॅडोतल्या त्यांच्या शाळेचा कोच सैन्यात गेला. टीम बंद पडायची वेळ आली, तेव्हा १६ वर्षांच्या जॉनने ती स्वतः हातात घेतली. आणि पहिलं काम काय केलं? खेळाडू म्हणून त्याला जे जे नकोसं वाटायचं, ते काढून टाकलं. त्या काळी सरावात पाणी पिऊ देत नसत. त्याने पाणी प्यायला दिलं.

१९४९ मध्ये ते मोंटाना राज्यातल्या कॅरोल कॉलेजचे कोच झाले आणि १९५३ मध्ये सेंट जॉन्सला आले. पुढे २०१२ पर्यंत, तब्बल ६० सीझन, तिथेच राहिले. त्यांची 'नाही'ची यादीच होती. सरावात एकमेकांना आडवं पाडायचं नाही. शिट्टी नाही. दीड तासापेक्षा जास्त सराव नाही. आलेल्या कुणाला टीममधून काढायचं नाही. आणि मला 'कोच' म्हणायचं नाही, 'जॉन' म्हणा.

लोकांना वाटायचं, असल्या लाडाने पोरं जिंकणार कशी? पण हिशोब सरळ आहे. सरावात हाडं मोडून घेतली, तर शनिवारच्या सामन्याला उतरणार कोण? वाचलेली ताकद ते एका गोष्टीवर लावायचे. ठरलेली चाल पुन्हा पुन्हा, प्रत्येकाला आपली जागा पाठ होईपर्यंत. शिस्त होतीच, फक्त त्रास नव्हता.

निकाल? ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. चार राष्ट्रीय विजेतेपदं: १९६३, १९६५, १९७६ आणि २००३. त्याच २००३ मध्ये त्यांनी एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मोडला, तेव्हा वय होतं ७७. २०१८ मध्ये ते गेले.

आता तुमच्याकडे वळू. माणूस थांबवायला पैसे नसतील, तर त्याला दमवणाऱ्या गोष्टी तरी कमी करा. त्याला खर्च लागत नाही. रोज संध्याकाळची ती तासभर लांबणारी मीटिंग, तीन वह्यांत एकच नोंद, गिऱ्हाइकासमोर ओरडणं, सुट्टीच्या दिवशी फोन. यातलं कशाने गल्ला वाढतो, सांगा बरं?

सगळंच काढायचं नाही हं. कॅशचा हिशोब आणि सुरक्षिततेचे नियम राहणारच. गलार्डींनीही चालींचा सराव कधी सोडला नाही.

गृहपाठ एकच. तुम्ही स्वतः नोकरी करत होता, तेव्हा मालकाच्या कोणत्या पाच गोष्टींचा वैताग यायचा, ते कागदावर लिहा. मग प्रामाणिकपणे बघा, त्यातल्या किती आज तुमच्याच दुकानात चालू आहेत. त्यातली एक या सोमवारपासून बंद करा.

भेटू पुढच्या भागात!